नव्या गावी घर शोधताना

बदली झाली की आपण प्रथम भाडे, पाणी आणि स्टेशनचे अंतर विचारतो. मात्र दिवसभर त्या वस्तीत पत्नी व मुलेच राहणार असतात. आदरणीय इब्राहीम (अ.) यांनी कुटुंबाला मक्केच्या ओसाड खोऱ्यात वसविले, तेव्हाची त्यांची दुआ पाहा (सूरह इब्राहीम, आयत 37). तिच्यात आधी नमाज, मग लोकांच्या मनातील ओढ आणि शेवटी फळे मागितली आहेत. अन्नपाणी वगळलेले नाही; त्याचे स्थान तिसरे आहे.

म्हणून घर ठरविण्यापूर्वी तेथील मशिदीत एक नमाज अदा करावी, मुलांसाठी मकतब आहे का हे विचारावे, आणि शेजाऱ्यांना भेटावे. शेजारी परका असला, तरी त्याच्याशी सद्वर्तनाची आज्ञा सूरह निसाच्या आयत 36 मध्ये आहे. अल्लाह आपणांस चांगला शेजार देवो आणि चांगले शेजारी होण्याची सद्बुद्धीही देवो. आमीन.