गंजलेली हेराल्ड घरच्या अंगणात उभी करताना

घरी दुरुस्त करायला दोन दारांची जुनी गाडी हवी असेल, तर माझं मत स्टँडर्ड हेराल्डला. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ही गाडी भारतात बांधली. मूळ ब्रिटिश ट्रायम्फची, रेखाटन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचं, इंजिन ९४८ सीसीचं. चार दारांची हेराल्ड पुढे भारतातच निघाली. सुरुवातीची दोन दारांची. आपल्या कामाची गोष्ट मात्र तिच्या बांधणीत आहे. तिला स्वतंत्र चासी आहे आणि बॉडी तुकड्या-तुकड्यांनी बोल्टांवर बसवलेली आहे. बॉनेट दोन्ही मडगार्डांसह पुढे उलटतं, छप्परसुद्धा बोल्ट काढून उतरवता येतं. त्याच काळातल्या बऱ्याच गाड्यांत जे कापून जोडावं लागतं, ते इथे पान्याने सुटतं. अंगणात काम करणाऱ्या माणसाला याहून मोठी सोय नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा आधी कागद बघा, मग पत्रा. आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. रायपुरात पुष्कळ जुन्या गाड्यांची नोंद मध्य प्रदेशाच्या काळातली आहे आणि मूळ मालक हयात नसतात. तेव्हा वारसांची कागदपत्रं हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात असलेली गाडी तीत बसते. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदल्यास ‘व्हीए’ अक्षरांची मालिका, शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी यात बसत नाही. हेराल्डमध्ये मारुतीचं इंजिन घालून देणारे मेकॅनिक भेटतील आणि ते सोयीचंही वाटेल. तरी घालू नये. गाडी चालेल, पण ती हेराल्ड राहणार नाही.

आता पत्रा. एक लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून बॉडीवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे खाली लांबीचा थर आहे. मग गाडीखाली आडवे व्हा आणि जुन्या स्क्रू ड्रायव्हरने चासीला टोचत चला. मधल्या दोन मुख्य पट्ट्या बहुधा शाबूत असतात. सडतात ते बॉडीला आधार देणारे बाजूचे हात आणि डिकीखालचे टेकू. ते नवे करता येतात. मुख्य पट्टीच टोचली जात असेल तर ती गाडी सुट्या भागांसाठी घ्या, उभी करायला नको.

रायपुरात या कामाचं वेळापत्रक हवामान ठरवतं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर उघडा केलेला पत्रा एका रात्रीत लाल होतो. तेव्हा पावसाळ्यात इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग अशी छपराखालची कामं काढा. पत्र्याला हात दिवाळीनंतर लावा आणि रंग होळीच्या आत आटपा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे गेला की फवाऱ्यातला रंग पत्र्यावर पसरण्याआधीच सुकायला लागतो.

गाडी सोडवताना प्रत्येक जोडाचा फोटो, प्रत्येक बोल्टाला पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. हेराल्डचे बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर १३ चा पाना बसतो, पण किंचित ढिला; गंजलेल्या बोल्टावर जोर लावला की डोकं गोल होतं. इंची पान्यांचा एक संच आधीच घ्या. अडकलेल्या बोल्टावर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल टाका, सकाळी घट्ट करायच्या दिशेने किंचित हलवा आणि मग सोडा.

बॉडी उचलण्याआधी एक काम चुकवू नका. गाडी सपाट फरशीवर ठेवून दारांच्या फटी मोजा आणि दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या अँगलच्या पट्ट्या तात्पुरत्या वेल्ड करा. बॉडी उतरली की चासीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही सारखे भरले तरच पुढे जा, नाहीतर नंतर दारं कधीच नीट लागणार नाहीत.

लहान लोखंडी भागांचा गंज घरीच विजेने काढता येतो. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घ्या, चार लिटरला एक मोठा चमचा या हिशेबाने धुण्याचा सोडा विरघळवा. भाग चार्जरच्या ऋण तारेला, भंगारातली साध्या लोखंडाची पट्टी धन तारेला. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. बारा व्होल्टचा चार्जर लावला की भागावर बुडबुडे दिसतात, गंज सुटतो आणि खाली चांगलं लोखंड तसंच राहतं. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीच नको, त्यातून पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून हे उघड्यावर करा आणि जवळ विडी-काडी नको. स्प्रिंग आणि अॅल्युमिनियम या टबात घालू नका. चासीसाठी मात्र रायपूरच्या उरला-सिलतरा भागातल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे शॉट ब्लास्टिंगची चौकशी करा. साफ झालेल्या लोखंडावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे.

वेल्डिंग येत नसेल तर टाटीबंध भागात ट्रकचं काम करणारे हुशार कारागीर आहेत, पण त्यांचा हात जाड पत्र्यावर बसलेला. हेराल्डच्या बॉडीला साधारण वीस गेजचा पत्रा लागतो. एका जागी सलग टाका न मारता थोडा इथे, थोडा तिथे, मध्ये थंड होऊ देत, असं करून घ्या. नाहीतर पत्रा वाकतो. चासीचे हात मात्र मूळ जाडीच्याच पत्र्याचे हवेत. पेट्रोलची टाकी, रिकामी असली तरी, घरी वेल्ड करायची नाही. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो.

कबाड्याकडून काय घ्यायचं, हा या कामातला खरा निवाडा. बॉनेट, दारं, डिकीचं झाकण, काचा, बिजागऱ्या, दिव्यांच्या चौकटी, गिअरबॉक्सचं कवच, स्टीअरिंग चाक: खुशाल जुनं घ्या, कारण भारतात बनलेले हे भाग आता नवे मिळायचे नाहीत. ही गाडी मद्रासची, म्हणून चेन्नईचं पुदुपेट सगळ्यात आधी धुंडाळा. रायपूर हावडा मार्गावर असल्याने कोलकात्याचा मल्लिक बाजारही जवळचाच. ट्रायम्फ स्पिटफायर १९६२ मध्ये हेराल्डचीच चासी आखूड करून काढली गेली, त्यामुळे तिचे अनेक यांत्रिक भाग हेराल्डला चालतात आणि ते ब्रिटनमध्ये आजही नवे बनतात. इंजिन किंवा चासीचा तुकडा भंगारातून घेतलात तर बिल घ्या आणि इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत करून घ्या.

ब्रेकचे रबर, होज, लोखंडी नळ्या आणि टायर कितीही चांगले दिसले तरी जुने घ्यायचे नाहीत. पेट्रोलच्या नळ्याही नव्या घ्या, त्यासुद्धा इथेनॉल सोसणाऱ्या. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगून चिरतं. जुन्या ब्रेक शूच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

पुढच्या चाकाजवळ एक जागा आहे, जिथे हेराल्डचा जीव अडकलेला असतो. चाक धरणारा उभा पोलादी दांडा खाली पितळी ठोकळ्यात आट्यांवर बसतो आणि स्टीअरिंग वळवलं की त्या आट्यांवर फिरतो. इथे ग्रीस नव्हे, गिअरचं ९० नंबरचं तेल भरायचं असतं. ग्रीस तळापर्यंत पोचत नाही, सुकतं, मागून पाणी शिरतं, आटे गंजतात आणि एके दिवशी दांडा तुटून चाक आडवं होतं. जुन्या गॅरेजांत सरसकट ग्रीसगनच मारली जाते. म्हणून दोन्ही दांडे बाहेर काढा, आटे भिंगाखाली बघा, खड्डे दिसले तर बदला. डाव्या-उजव्या बाजूंचे आटे उलट दिशांचे असतात, अदलाबदल करू नका.

वायरिंग जोडण्याआधी बॅटरीची कोणती बाजू बॉडीला आहे ते तपासा. त्या काळच्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत अनेकदा धन बाजू बॉडीला असते.

रंगाबद्दल थोडंच. एपॉक्सी प्रायमर, गरजेपुरती पातळ लांबी, सरफेसर, मग रंग. पीयू रंगातल्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला फार वाईट आणि साधा मास्क तिला अडवत नाही. तो रंग बूथमध्येच मारून घ्या. दारांच्या आणि पट्ट्यांच्या तळातली पाणी निघायची भोकं रंगाने बुजली तर तारेने मोकळी करा आणि पोकळ्यांत मेण फवारा.

पहिली फेरी वीसच्या वेगाने, मोकळ्या रस्त्यावर, फक्त ब्रेक बघण्यासाठी काढा. शंभर किलोमीटर झाले की बॉडीचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नव्या रबरी पॅडवर बॉडी थोडी खाली बसते आणि बोल्ट सैल पडतात.