कर्जतची मागची इंजिने आणि तक्रार खिडकीचा संगणक



मुंबईहून पुण्याकडे रेल्वेने येणाऱ्यांना कर्जत स्टेशन चांगलं ठाऊक आहे. गाडी थांबते, वडेवाले खिडकीशी येतात आणि थोड्या वेळाने मागच्या अंगाला एक धक्का बसतो. पुष्कळांना वाटतं, डबा जोडला. ती असतात जादा इंजिने. पुढे बोरघाटाचा चढ आहे. काही ठिकाणी ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर, इतका तो तीव्र आहे. सपाटीवर गाडी सहज ओढणारे इंजिन तिथे एकटे पुरत नाही. म्हणून मागून रेटणारी इंजिने लावतात. रेल्वेची माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात. घाट चढला की ती सोडतात आणि ती पुढच्या गाडीसाठी खाली येतात.

हे आज सांगण्याचे कारण वेगळे आहे. ऊस नोंद चुकली, वजनाची चिठ्ठी मिळाली नाही, बिलात फरक पडला, अशा तक्रारी आता गट ऑफिसात संगणकावर घेतल्या जातात. हंगामाच्या तोंडाला गर्दी झाली की पडदा तसाच राहतो, नुसतं चाक फिरतं. मग सभासद म्हणतात, "साहेब, मोठा संगणक का घेत नाही?" प्रश्न रास्त आहे. पण खर्चात पडण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ.

तक्रारी घेणारा मुख्य संगणक म्हणजे सर्व्हर. त्याच्यावर जो प्रोग्रॅम चालतो, त्याच्या एका चालू प्रतीला प्रोसेस म्हणतात. एका प्रोसेसला ठरावीक माणसे सांभाळता येतात. मोठ्या कंपन्यांत वापरला जाणारा सर्व्हिस मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम घ्या. त्यात कोणी काही बदल केला नसेल तर एक प्रोसेस ५० हात घेऊन बसते. ते गुंतले की पुढच्याला जागा नाही, मग संगणकाची निम्मी ताकद रिकामी का असेना! अशा वेळी नवीन यंत्र घेण्याची गरज नसते. त्याच यंत्रावर आणखी एक प्रोसेस सुरू करायची, म्हणजे कर्जतला लावतात तसे जादा इंजिन.

हे करतात कसे? या प्रोग्रॅमची एक मांडणीची फाईल असते. तिच्यातली एक ओळ म्हणजे एक प्रोसेस. नवी ओळ लिहायची आणि तिला स्वतःचा पोर्ट क्रमांक द्यायचा. पोर्ट म्हणजे आत येण्याचे दार. दोन प्रोसेसना एकच दार दिले तर दुसरी उभीच राहत नाही. घाईत वरची ओळ जशीच्या तशी खाली उतरवणाऱ्याची हीच चूक होते. शिवाय एक प्रोसेस नुसती वाट दाखवायला ठेवतात. आपल्या यार्डाच्या फाटकावर नंबर देणारा माणूस असतो ना, तशी. ती स्वतः तक्रार घेत नाही. येणाऱ्याला ज्या प्रोसेसकडे जागा आहे तिकडे पाठवते. ती नसली तर सगळे पहिल्याच दारावर गर्दी करतात आणि बाकीच्या प्रोसेस माशा मारत बसतात.

आता पुन्हा कर्जतला. सगळी इंजिने पुढेच का नाही लावत? कारण मग साऱ्या गाडीचा ताण पुढच्या डब्याच्या जोडावर येतो. मागून रेटले की ताण वाटला जातो, आणि चढावर जोड तुटलाच तरी मागचे डबे घरंगळत नाहीत. म्हणजे ताकद किती वाढवली याइतकेच ती कुठे लावली हेही पाहावे लागते.

आपल्या खिडकीलाही हे लागू आहे. प्रोग्रॅममध्ये काही कामे माणसाने न सांगता मागे चालू असतात. मुदत संपत आलेली तक्रार वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवणे हे त्यातले मुख्य. उलट लेखी करार नसेल तर ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच तसे आहे. बिलाची तक्रार त्यामुळे दिवस मोजूनच हाताळावी लागते. हे मोजणारे काम माणसांची गर्दी झेलणाऱ्या प्रोसेसवर टाकले, तर गर्दीच्या दिवशी नेमके तेच मागे पडेल. म्हणून त्याला वेगळी प्रोसेस द्यावी. मात्र ती बहुधा एकच असावी. एकमेकींची खबर नसलेल्या दोन ठेवल्या तर एकाच तक्रारीची दोनदा सूचना जाते, आणि शेती अधिकारी दोन्हीकडे दुर्लक्ष करायला शिकतो!

मग प्रोसेस वाढवतच जायच्या का? इथे कर्जत सोडून शेजारच्या खालापूर तालुक्यात, खोपोलीला जाऊ. तिथे टाटांचे वीजघर १९१५ पासून आहे. घाटावरच्या लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांचे पाणी नळांतून खाली येते आणि जनित्रे फिरवते. खाली आणखी दहा जनित्रे बसवा, तलावात पाणी तेवढेच राहणार. तक्रारींचा तलाव म्हणजे डेटाबेस, जिथे सगळ्या नोंदी राहतात. प्रत्येक प्रोसेस तिथूनच वाचते, तिथेच लिहिते. अडचण डेटाबेसात असेल तर जादा प्रोसेसने ती वाढते. यार्डात गाड्या वाढवल्या म्हणून एकाच गव्हाणीत जास्त ऊस पडतो का? शिवाय प्रत्येक प्रोसेस मेमरी खाते. मेमरी संपली की सगळ्याच रांगतात.

म्हणून आधी मोजावे. गर्दीच्या तासाला प्रोसेसचे हात भरलेत का, मेमरी किती शिल्लक आहे, डेटाबेस उत्तर द्यायला किती वेळ घेतो. हात भरलेले आणि बाकी ठीक असेल तर एक ओळ वाढवावी, आठवडाभर पाहावे, मग दुसरी. मांडणी बदलल्यावर प्रोग्रॅम साधारणपणे थांबवून पुन्हा चालू करावा लागतो. हे काम रात्री उरकावे. तोडीच्या ऐन दिवसांत सकाळी दहाला कोणी करू नये.

सभासदांचे काम एवढेच, की तक्रार दिल्यावर तिचा नोंद क्रमांक मागून घ्यावा आणि तो पासबुकात लिहून ठेवावा. पडदा अडकला म्हणून तीच तक्रार तीन वेळा देऊ नये. एका गाऱ्हाण्याच्या तीन नोंदी होतात, आणि तुमच्या मागच्या माणसाला तेवढे जास्त थांबावे लागते.