टोला, ताकद आणि नोंदवही

पालघर जिल्ह्यातील वसई परिसरात क्रिकेटची आवड किती खोल रुजली आहे, हे सुटीच्या दिवशी पापडीच्या आसपासचे कोणतेही मैदान पाहिल्यास सहज ध्यानी येते. याच पट्ट्यातील विरारचा पृथ्वी शॉ याने नोव्हेंबर 2013 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, मुंबईच्या हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत 330 चेंडूंत 546 धावा केल्या. बेसबॉलला येथे अद्याप तेवढी लोकप्रियता लाभलेली नाही. तथापि, ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेट आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल या खेळांना एकाच वेळी मान्यता मिळाली. चेंडू टोलावण्याची उपजत आवड असलेल्या आपल्या मुलांना यामुळे आणखी एक वाट उपलब्ध झाली आहे. या वाटेवर शिक्षकाला शास्त्रीय मोजमापाची मदत कशी घेता येईल, आणि त्या मोजमापाच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मोजण्याची जुनी सवय

टोला मोजणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. विटीदांडूच्या खेळात विटी किती दूर गेली हे दांडूनेच मोजले जाई, आणि वकट, लेंड, मूंड, नाल अशी मापे मुलांच्या तोंडी असत. क्रिकेटचे धावपुस्तक हेही मोजमापच होय. पृथ्वी शॉच्या त्या खेळीत 85 चौकार व 5 षटकार होते. म्हणजे 546 पैकी 370 धावा सीमापार टोल्यांच्या आणि उरलेल्या 176 धावून काढलेल्या. एकूण धावसंख्या जे सांगत नाही, ते नोंदीचा तपशील सांगतो.

बेसबॉलमध्ये हा विचार फार पुढे गेला आहे. 1941 च्या हंगामात दर हजार संधींमागे 406 या प्रमाणात यशस्वी टोले मारणाऱ्या टेड विल्यम्स या अमेरिकन फलंदाजाने आपल्या टप्प्यातील जागेचे 77 चेंडूंएवढे भाग पाडले होते. मधल्या चेंडूवर आपण हजारात 400 यशस्वी टोले मारू, तर खालच्या बाहेरील कोपऱ्यात अवघे 230, असा त्याचा अंदाज होता. कोणता चेंडू सोडावा, हे त्याने अशा हिशेबाने ठरविले. 2015 पासून अमेरिकेच्या प्रमुख साखळीतील सर्व मैदानांवर प्रत्येक टोल्याचा वेग व उंचावण्याचा कोन यंत्राने टिपला जातो.

तीन मीटर आणि तीस चौकटी

अशी महाग यंत्रे शाळेला परवडणारी नाहीत. परंतु त्यांचे मूळ तत्त्व सोपे आहे. कमरेएवढ्या उंचीच्या स्थिर खुंटावर चेंडू ठेवावा. समोर बरोबर तीन मीटरवर भक्कम जाळी बांधावी. बाजूला सुरक्षित अंतरावर, सेकंदाला 240 चौकटी टिपणारा भ्रमणध्वनी स्थिर ठेवावा. बॅट चेंडूला लागल्यापासून चेंडू जाळीला लागेपर्यंत 30 चौकटी मोजल्या, तर वेळ झाला सेकंदाचा आठवा भाग. तेवढ्या वेळात तीन मीटर, म्हणजे सेकंदाला 24 मीटर, अर्थात ताशी सुमारे 86 किलोमीटर. मोजणीत एका चौकटीची चूक झाली, तरी उत्तर तीन किलोमीटरने बदलते. म्हणून एका टोल्यावर विसंबू नये. दहा टोले मोजून सरासरी घ्यावी.

कोनासाठी जाळीवर दोन दोऱ्या बांधाव्यात. एक चेंडूच्या मूळ उंचीपेक्षा अर्धा मीटर वर, दुसरी 1.4 मीटर वर. या दोहोंच्या मधून गेलेला चेंडू साधारणतः 10 ते 25 अंशांत उठलेला असतो. असा टोला जमिनीलगतच्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून जातो आणि हवेत फार वेळ तरंगतही नाही. खालच्या दोरीखाली गेलेले चेंडू वारंवार दिसले, तर मुलगा चेंडूच्या वरच्या भागावर मारत आहे, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. मुलाला स्वतःलाच दिसते. जाळीमागे कोणी उभे राहू नये व फलंदाजाच्या डोक्यावर शिरस्त्राण असावे, हे दोन नियम मात्र कटाक्षाने पाळावेत.

ताकद कोठून येते

टोल्याची शक्ती केवळ हातात नसते. ती पायांपासून निघते, कंबर व धड यांतून वर चढते आणि शेवटी मनगटात उतरते. म्हणूनच आपल्या तालमीतील जोर, बैठका आणि मल्लखांब यांचा येथे प्रत्यक्ष उपयोग होतो. त्यांना दोन्ही बाजूंनी धड वळवून जड चेंडू फेकण्याच्या व्यायामाची जोड द्यावी. बॅट मुलाला पेलेल अशीच असावी. जड बॅट हळू फिरते, आणि ती फिरविण्याच्या धडपडीत मुलाची ढब बिघडते.

लहानपणी ताकदीचा व्यायाम केल्यास उंची खुंटते, हा समज अद्याप पुष्कळ घरांत आढळतो. योग्य देखरेखीखाली, बेताने केलेल्या व्यायामाने असे होत नाही, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे शारीरिक हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत. आरंभ स्वतःच्या शरीराच्या वजनापासून करावा. ढब अचूक झाल्यावरच भार वाढवावा. सांधा दुखत असेल, तर त्या दिवशी व्यायाम थांबवावा.

आकड्याची मर्यादा

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. समजा, आठवीच्या वर्गात एकाच वयाची दोन मुले आहेत. एकाची वाढ लवकर झाली आहे, दुसऱ्याची अद्याप व्हायची आहे. पहिल्याचा टोला ताशी 95 किलोमीटरचा, दुसऱ्याचा 75 चा. या एका आकड्यावर संघ निवडला, तर दुसरा मुलगा घरी जाईल, आणि बहुधा परत येणार नाही. परंतु दोन वर्षांनी त्याची उंची वाढल्यावर चित्र पालटू शकते. म्हणून दर तीन महिन्यांनी उंची व वजन यांची नोंद करावी, आणि मुलाची तुलना शेजाऱ्याशी न करता त्याच्याच मागील पानाशी करावी. उंची झपाट्याने वाढत असताना टोल्याची ढब काही काळ बिघडणे स्वाभाविक आहे. त्या दिवसांत सराव कमी करून धीर द्यावा.

2008 मध्ये भारतात झालेल्या एका चेंडूफेक स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग व दिनेश पटेल हे भालाफेकपटू निवडले गेले. त्याच वर्षी अमेरिकेच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांना करारबद्ध केले. वेगमापक यंत्राने त्यांच्यासाठी दार उघडले, यात शंका नाही. तथापि दोघांपैकी कोणीही प्रमुख साखळीपर्यंत पोहोचू शकला नाही. त्या पातळीवरचे खेळाडू तो खेळ बालपणापासून खेळलेले असतात. आकडा गुण दाखवितो. तो घडविण्याचे काम वर्षानुवर्षांच्या सरावाचे आणि शिक्षकाचे आहे.

शाळा व पंचायतींचे कार्य

राज्याच्या क्रीडाप्रबोधिनीच्या निवडचाचण्यांत 30 मीटर धाव, उभी उडी, जड चेंडूफेक व 800 मीटर धाव यांचा अंतर्भाव राहिला आहे. या चाचण्यांना मोजपट्टी, घड्याळ आणि सपाट जागा यांपलीकडे फारसे काही लागत नाही. पापडी आज वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तालुक्यातील इतर अनेक गावांत ग्रामपंचायती आहेत. दोन्ही ठिकाणी मैदान मोकळे राखणे, एक जाळी व काही शिरस्त्राणे पुरविणे आणि पावसाळ्यात सरावासाठी समाजमंदिर किंवा शाळेची पडवी उपलब्ध करून देणे, एवढे सहकार्य मिळाले तरी शिक्षकांचे काम पुष्कळ सुकर होईल. नोंदवहीतील उंची-वजनाचे आकडे फलकावर लावू नयेत. ते मुलगा वा मुलगी, पालक व शिक्षक यांच्यापुरतेच असावेत. मुलींची नोंदही याच वहीत, तितक्याच काळजीने व्हावी.

एक वही, एक जाळी आणि वाट पाहण्याची तयारी असलेला शिक्षक, एवढ्यावर हे कार्य आरंभता येईल. वर्षअखेरीस त्या वहीतून कोण सर्वांत जोरात मारतो हे कळेलच; परंतु कोण किती पुढे आला हेही कळले पाहिजे. आज मागे असलेले मूल उद्या मैदानावर टिकून राहील की नाही, हे पुष्कळ अंशी या दुसऱ्या नोंदीवर अवलंबून आहे.