परतीचा मंत्र

गोष्टींच्या जगात काही शब्द असे असतात की ते उच्चारताच दगडाचे दार उघडते, मातीत जीव येतो, माणसाचा पक्षी होतो, नाहीतर एखाद्या पोरक्या मुलाचा महावीर होतो. लहानपणी आपण या शब्दांनी थक्क होतो आणि मोठेपणी 'पोरखेळ' म्हणून त्यांना बाजूला सारतो. परंतु थोडे बारकाईने पाहिले तर कथाकारांनी या शब्दांचा विचार फार गांभीर्याने केलेला दिसतो. प्रस्तुत लेखात अशा काही कथा शेजारी शेजारी ठेवून मी एकच प्रश्न विचारणार आहे. शब्दाने पलीकडे जाता येते हे खरे. पण परत कसे यायचे?

आपल्या सर्वांना ठाऊक असलेल्या शब्दापासून सुरुवात करू. आमचे घर कळव्याला. तेथून दिसणाऱ्या पारसिकच्या डोंगराच्या पोटातून १९१६ सालापासून आगगाडी धावते. लहानपणी ठाण्याहून जलद गाडीने कल्याणला जाताना बोगद्याचा अंधार सुरू झाला, की आम्ही मुले 'तिळा तिळा दार उघड' असे ओरडत असू. उजेड आला की शब्द लागू पडला अशी आमची खात्रीच पटे! हा शब्द आला अलीबाबाच्या गोष्टीतून. आंत्वान गालां या फ्रेंच पंडिताने ही गोष्ट १७०९ साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब या अलेप्पोच्या तरुणाकडून ऐकली. 'अरेबियन नाइट्स'च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत ती नाही.

या गोष्टीत अलीबाबापेक्षा त्याचा भाऊ कासीम मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. गुहेत शिरताना त्याला शब्द बरोबर आठवतो. आतले धन पाहून मात्र त्याचे भान सुटते आणि बाहेर पडताना तिळाऐवजी जव वगैरे इतर धान्यांचीच नावे त्याच्या तोंडी येतात. दार काही उघडत नाही आणि चोरांच्या हातून त्याला मरण येते. आत जाण्याचा आणि बाहेर येण्याचा शब्द एकच असूनही कासीमला तो फक्त एका बाजूने येत होता.

जर्मन लेखक विल्हेल्म हाउफ (१८०२–१८२७) याच्या 'करकोचा झालेला खलिफा' या कथेत हीच गोष्ट अधिक उघड होते. बगदादचा खलिफा एका फेरीवाल्याकडून जादूची पूड विकत घेतो. ती हुंगून 'मुताबोर' म्हटले की हव्या त्या प्राण्याचे रूप मिळते. हा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ 'मी बदलून जाईन' असा आहे. पूर्वेकडे तोंड करून तीनदा वाकायचे आणि तोच शब्द म्हणायचा, की पुन्हा माणूस. अट एकच, बदललेल्या रूपात हसायचे नाही. हसले की शब्द विसरतो. खलिफा आणि त्याचा वजीर करकोचे होतात, दुसऱ्या करकोच्याचा नाच पाहून खो खो हसतात आणि शब्द गमावून बसतात. पुढे तो त्यांना परत मिळतो तो दुष्ट मांत्रिकाच्याच तोंडून, चोरून ऐकून.

अलीबाबाने शब्द झाडावर बसून ऐकला, खलिफाने पुडीबरोबर विकत घेतला. दोघांनाही तो कोणी शिकवलेला नव्हता. आपल्या मराठी चित्रपटातला तात्या विंचूही याच पंगतीतला. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटात हा गुंड बाबा चमत्काराकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि मरतेवेळी तो म्हणून एका बाहुल्यात शिरतो. शिरणे सोपे जाते. पुन्हा माणसाच्या देहात यायचे तर मात्र ज्याला आपले खरे रूप प्रथम सांगितले त्याच माणसाचा देह हवा, अशी अट निघते आणि सारा चित्रपट त्या अटीभोवती फिरतो. प्रेक्षक पोट धरून हसतात, पण या विनोदी कथेचा सांगाडा कासीमच्या कथेचाच आहे.

आता आपल्या पुराणकथांकडे वळू. येथे मंत्र बहुधा गुरूकडून मिळतो, आणि म्हणूनच की काय, परतीची सोयही निराळी आहे. महाभारतातील कच-देवयानीची कथा पाहा. हिच्यावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ साली 'विद्याहरण' हे नाटक रचले. असुर कचाला जाळून त्याची राख मद्यात मिसळतात आणि ते मद्य खुद्द शुक्राचार्यांना पाजतात. आता संजीवनी मंत्राने कच जिवंत होऊन बाहेर आला तर गुरूचे पोट फाटणार! तेव्हा शुक्राचार्य पोटातल्या शिष्याला मंत्र शिकवतात. कच बाहेर येतो, गुरू मरून पडतात आणि शिष्य त्याच मंत्राने गुरूला उठवतो. येथे गुरूच्या परतीचा शब्द शिष्याजवळ आहे, ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी.

शापाच्या कथांतही हा विचार आहे. पालखी वाहणाऱ्या ऋषींना नहुष राजा 'सर्प, सर्प' म्हणजे 'चला, चला' असे दरडावतो आणि अगस्त्य त्याला सापच करून टाकतात. तोंडून गेलेला शाप ऋषीलाही मागे घेता येत नाही. त्याला फक्त उःशाप जोडता येतो. नहुषाचा उःशाप असा, की त्याच्या प्रश्नांची उत्तरे देणारा भेटेल तेव्हा सुटका. पुढे वनपर्वात युधिष्ठिर ती उत्तरे देतो. उर्मट शब्दाने गेलेले रूप शांतपणे केलेल्या संवादाने परत येते.

मात्र या विषयावर मराठी माणसाची सर्वांत जवळची पोथी म्हणजे धुंडिसुत मालूने शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, पूर्ण केलेली 'नवनाथ भक्तिसार'. श्रावणात घरोघर हिचे चाळीस अध्याय वाचले जातात. तीत एक प्रसंग आहे. गोरखनाथ संजीवनी मंत्र पाठ करीत बसलेला असताना गावची पोरे त्याला मातीची गाडी करून मागतात. पोरांना गाडीवानही हवा असतो. गोरख हाताने माती वळतो आणि तोंडाने पाठ चालूच ठेवतो; तो मातीचा गाडीवान खरोखरच जिवंत होतो! मच्छिंद्रनाथ या बाळाला पुन्हा माती करीत नाहीत. ते त्याला एका निपुत्रिक ब्राह्मण दांपत्याच्या ओटीत घालतात. हाच गहिनीनाथ, त्याचे शिष्य निवृत्तिनाथ आणि निवृत्तिनाथांचे ज्ञानेश्वर. काही शब्दांना परतीची वाट नसते. तेथे त्यांच्या परिणामांचा सांभाळ करावा लागतो, हे या पोथीने किती साधेपणाने सांगितले आहे!

आणि याच पोथीत परतीच्या शब्दाची सर्वांत सुंदर कथा आहे. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात संसारात रमलेले असतात. गोरख वेष पालटून नर्तकींच्या ताफ्याबरोबर तेथे पोचतो आणि मृदंगावर थाप मारतो. त्या थापेतून बोल उमटतात : 'चलो मच्छिंदर, गोरख आया'. गुरू दचकतात, त्यांना स्वतःची ओळख पटते. १९३२ साली प्रभातने याच कथेवर 'माया मच्छिंद्र' हा बोलपट काढला. या बोलात गूढ अक्षरे नाहीत, संस्कृतही नाही. एक हाक आहे, एक नाव आहे आणि हाक मारणाऱ्याचे आपलेपण आहे. रूपांतर मात्र पूर्ण होते.

अमेरिकेत १९४० साली चित्रकथांतून अवतरलेल्या कॅप्टन मार्व्हलने ही अडचण एका फटक्यात सोडवली. बिली बॅटसन 'शझाम' म्हणतो की महावीर होतो आणि पुन्हा म्हणतो की पोरगा होतो. परंतु त्याच्या जोडीदाराला, धाकट्या कॅप्टन मार्व्हलला, 'कॅप्टन मार्व्हल' हाच मंत्र दिला गेला आणि बिचाऱ्याला स्वतःचे नाव सांगण्याची चोरी झाली! यंत्रयुगातल्या मंत्रालाही किंमत चुकलेली नाही.

या साऱ्या कथांचे तात्पर्य मला असे दिसते. ऐकलेला, विकत घेतलेला किंवा हिसकावलेला शब्द माणसाला पलीकडे नेतो, पण परत आणीलच असे नाही. परतीसाठी स्मरण लागते, संयम लागतो, आणि तेही सुटले तर नावाने हाक मारणारे कोणीतरी लागते. महाविद्यालयात आपण पुष्कळ शब्द शिकतो : परीक्षेचे, सभेचे, घोषणांचे. त्यांनी आपली रूपेही बदलतात. तेव्हा आपल्याला कोण हाक मारील याचा विचार विद्यार्थ्याने अवश्य करावा. आणि कच व गोरख यांच्या कथा खऱ्या मानायच्या, तर आमच्या गुरुजनांनीही शिकवलेली विद्या आमच्याजवळ नीट पोचली आहे ना, हे पाहून ठेवावे. न जाणो, एखादे दिवशी मृदंगावर थाप आम्हांलाच मारावी लागेल.