तपासणीच्या खोलीतील सोबत

पोटदुखीने हैराण होऊन ज्या खासगी इस्पितळात मी गेले, तेथे प्रत्यक्ष तपासणीची वेळ येताच माझ्या जाऊबाईंना बाहेर थांबण्याची आज्ञा झाली, परिचारिका कसल्याशा निमित्ताने निघून गेली, आणि दार लोटल्यानंतर, ज्या अवयवांचा माझ्या व्याधीशी काडीमात्र संबंध नव्हता तेथपर्यंत ती तपासणी, कोणताही खुलासा न करता, जाऊन पोहोचली. बाहेर आल्यावर जाऊबाईंनी विचारले, "काय म्हणाले डॉक्टर?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. पुढे घरच्यांनी तक्रारीचा विचार केला, तेव्हा त्या बंद खोलीतील प्रसंगाला माझ्यावाचून दुसरा साक्षीदार नाही, ही अडचण दत्त म्हणून उभी राहिली.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत, पुरुष डॉक्टर स्त्रीची शारीरिक तपासणी करीत असता दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे. आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद खासगी रुग्णालयांनाही लागू केली. तेव्हा सोबत मागणे म्हणजे डॉक्टरांवर संशय घेणे, हा समज मनातून समूळ काढून टाकावा. सचोटीच्या डॉक्टरांना खोट्या आळापासून तीच सोबत वाचवते, म्हणून त्यांच्यापैकी कित्येक स्वतःच सिस्टरला हाक मारतात.

केसपेपर काढतानाच "तपासणीच्या वेळी आत बाई असू द्या" असे सांगून ठेवावे, कारण एकदा मेजावर आडवे झाल्यावर धीट बाईचीही जीभ लुळी पडते. सोबतीण पडद्याच्या आत हवी. दाराशी उभी राहिलेली सोबतीण असून नसल्यासारखी. अविवाहित मुलीला आईसमोर काही प्रश्नांची उत्तरे देणे जड जाते, हे आयांनी मनाला लावून न घेता समजून घ्यावे. अशा वेळी मुलीने परिचारिका मागावी. कोठे तपासणार आणि कशासाठी, हे आधी विचारावे. कोणाला आत येऊ देण्यास नकार मिळाला आणि दुखणे तातडीचे नसेल, तर तपासणी तेथेच थांबवावी. आत गैरवर्तन घडलेच, तर केसपेपर जपून ठेवून, वेळ आणि हजर माणसे त्याच दिवशी लिहून काढावीत. फौजदारी गुन्ह्यासाठी पोलिसांकडे आणि डॉक्टरांच्या वर्तनाविषयी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी.