कॅराव्हॅनची विजेवरची पायरी अडकते तेव्हा

प्रश्न : रायपूरच्या गोल बाजारात राहणाऱ्या वाचकाची जुनी कॅराव्हॅन आहे. दार लावले तरी पायरी आत जात नाही. मोटर बदलावी का?

उत्तर : मोटरवर खर्च करण्याची घाई नको. अशा पायऱ्या जाणणारे कारागीर विरळाच, तेव्हा आधी स्वतःच तपासावे.

ही पायरी बहुधा 12 व्होल्टवर चालते. दारावरचे चुंबक चौकटीतल्या स्विचसमोर आले की पायरी आत सरकते. म्हणून आधी दाराजवळचे बटण आणि फ्यूज पाहावे, मग चुंबक सरकले आहे का तेही. खरा दोष मात्र अनेकदा अर्थिंगच्या वायरीत सापडतो. चाकांनी उडवलेल्या चिखलपाण्याने चॅसीवरचा तिचा जोड गंजतो. मग मोटर कण्हते, पण पायरी ओढत नाही. जोड उघडून लखलखीत घासावा आणि घट्ट आवळावा.

बिजागऱ्या धुऊन, वाळवून सिलिकॉन स्प्रे मारावा. उघड्या सांध्यांवर जाड ग्रीस नकोच, त्यावर धूळ बसते.

हात घालण्यापूर्वी बॅटरीची वायर काढावीच. पायरी अचानक सरकली तर बोटे चिरडतात. आणि दुरुस्ती होईपर्यंत, पायरी आत गेल्याचे खाली उतरून पाहिल्याशिवाय गाडी हलवू नये.