सुदानसाठी मदत: कपडे की पैसे?

प्रश्न: सुदानमधील युद्धग्रस्तांसाठी आमच्या सोसायटीने कपडे गोळा केलेत. ते कुठे पाठवावेत? – एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमची कळकळ मोलाची आहे, पण कपडे जवळच्या गरजूंना द्या आणि सुदानसाठी पैसे पाठवा. एप्रिल २०२३ पासून तिथे लष्कर आणि निमलष्करी दल आरएसएफ (रॅपिड सपोर्ट फोर्सेस) यांच्यात युद्ध सुरू आहे. वस्तूंचा वाहतूक खर्च मोठा, शिवाय त्या परवान्यांत अडकतात. पैशांतून मात्र तिथल्या जवळच्या बाजारात धान्य, औषधे घेता येतात. जागतिक अन्न कार्यक्रम, युनिसेफ, यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था) यांच्या अधिकृत संकेतस्थळांवरूनच देणगी द्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर नको. करसवलत हवी असल्यास संस्थेची भारतातील मान्यता तपासा. शक्य असल्यास दरमहा थोडी रक्कम द्या. बातम्या ओसरल्या तरी तिथली भूक ओसरत नाही.